तांब्याच्या पैशाच्या दोन किमती



खरेशास्त्र्यांच्या गावात इतिहासावर बोलायचे म्हणजे पटवर्धनांच्या दप्तरावर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. ते काम विद्वानांचे. मी कामगारांच्या पगाराचा हिशोब तपासत आयुष्य घालवलेला माणूस. शाळा अर्धी सुटली. पुढचे शिक्षण पगारपत्रकांवर आणि वाचनालयात झाले. तेव्हा माझा विषयही त्याच पायरीचा आहे. विषय आहे तांब्याचा पैसा आणि जुन्या घरांत गाडग्यामडक्यांतून निघणारे त्याचे साठे. असा साठा मोजायचा कसा, ठेवायचा कसा आणि विकायचा कसा, एवढेच आज पाहू.

प्रथम मोजणीचे. पैशांचा ढीग समोर आला की माणूस एक-दोन-तीन करीत बसतो. जाणता व्यापारी तसे कधीच करीत नाही, तो तराजू आणतो. 1835 साली कंपनी सरकारने तांब्याच्या पैशाचे वजन 100 ग्रेन ठरवले. तोळा 180 ग्रेनचा. म्हणजे पाच तोळ्यांत नऊ पैसे आणि ऐंशी तोळ्यांच्या पक्क्या शेरात 144 पैसे. रुपयाचे पैसे 64, तेव्हा शेरभर पैशांची किंमत सव्वादोन रुपये. पुढे 1906 च्या कायद्याने तांब्याऐवजी कासे आले, म्हणजे तांब्यात थोडे कथील आणि जस्त. आणि पैशाचे वजन 75 ग्रेनवर उतरले. आता शेरात 192 पैसे, म्हणजे तीन रुपये. 1943 साली महायुद्धाच्या धामधुमीत भोक पाडलेला पैसा आला, तो सुमारे दोन ग्रॅमचा. त्याचे शेरभर मोजा, साडेसात रुपयांच्या आसपास जाल.

हा आकड्यांचा खेळ नव्हे. धातू तेवढाच, शेरभर. पण त्यावर सरकारने लिहिलेली रक्कम सव्वादोनाची तीन झाली आणि तिनाची साडेसात. पैशाला दोन किमती असतात, एक त्याच्यावर छापलेली आणि एक त्याच्या पोटातल्या धातूची. या दोन किमतींच्या मधली जागा ज्याला दिसते, तो साठ्यावर पैसा करतो. ज्याला दिसत नाही, तो साठा करतो खरा, पण दुसऱ्यासाठी.

शिवराईची गोष्ट हीच. राज्याभिषेकाच्या काळापासून, म्हणजे 1674 पासून, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेला हा पैसा चालू लागला. पुढे पेशवाईत शिवराई सरकारच्याच टांकसाळीत पडत असे असे नाही. 1744 मध्ये नागोठणे आणि रेवदंडा येथील खाजगी इसमांना पेशव्यांनी तांब्याची नाणी पाडण्याचे परवाने दिल्याची नोंद आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी राज्याच्या नाण्यांवर जो निबंध लिहिला, त्यात हा सगळा व्यवहार आला आहे. मक्तेदाराला पैसा जितका हलका पाडता येईल तितका त्याचा फायदा. म्हणून जुनी शिवराई अकरा ते तेरा ग्रॅमची, तर नंतरची दुदांडी बहुधा नऊ-दहा ग्रॅमची सापडते. रुपयाला किती पैसे द्यायचे, हे सराफ ठरवी. बाजाराच्या दिवशी भाजीवाली पैसे घेऊन येई, चांदीचा रुपया मागे आणि त्यावर बट्टा देई. सारा मात्र रुपयांत भरायचा. म्हणजे जो पैशांत कमावतो आणि रुपयांत देणे लागतो, त्याची ओंजळ नेहमीच गळकी.

कंपनीचा एकसारखा पैसा आला तरी खेड्यापाड्यांत शिवराई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकली. मग ती चालेनाशी झाली आणि मोडीच्या भावाने तांबटांच्या भट्टीत गेली. आपल्या आजीच्या पाणी तापवायच्या बंबात किंवा हंड्यात किती शिवराया आटल्या असतील, कुणी सांगावे! रेव्हरंड जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने त्याच सुमारास सुमारे पंचवीस हजार शिवराया नजरेखालून घातल्या आणि त्यांवरील अक्षरांचे प्रकार नोंदवून 1900 च्या आसपास मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहिला. याच गृहस्थांनी पुढे आमच्या संतांची चरित्रे इंग्रजीत नेली. आम्ही ज्याला मोड म्हणत होतो त्यात त्यांना इतिहास दिसला. एक शिवराई पाहून काही कळत नाही. पंचवीस हजार पाहिल्या म्हणजे अक्षर कसे बिघडत गेले ते कळते. साठ्याची ही तिसरी किंमत.

आता दुसऱ्या महायुद्धाकडे येऊ, कारण साठेबाजीचा खरा अनुभव आपल्या लोकांना तेव्हा आला. युद्ध सुरू होताच नोटांवरचा विश्वास डळमळला आणि लोक नाणी दाबून बसले. जून 1940 मध्ये भारत संरक्षण नियमांखाली गरजेपेक्षा जास्त नाणी जवळ ठेवणे हा गुन्हा ठरला. तरी 1942-43 मध्ये मोड मिळेनाशी झाली. दुकानदार सुट्या पैशांऐवजी पोस्टाची तिकिटे देत, चिठ्ठ्या देत. चिठ्ठी त्याच दुकानात चाले. म्हणजे हमालाने मजुरी कुठे खर्च करावी, हे दुकानदाराने ठरवले. मिरज तेव्हा संस्थान होते, पण स्टेशनावर खिसे इंग्रजी नाण्यांचेच. आमच्या भागातले जुने हमाल हा काळ आठवून सांगत की एका नोटेला तिघे वाटेकरी असले म्हणजे संध्याकाळी चहाच्या दुकानातच जाऊन ती मोडावी लागे आणि चहा नको असला तरी प्यावा लागे. भोकाच्या पैशाची इतकी निकड होती की तो दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या टांकसाळीतही पाडून आणला. तो सुतळीत ओवता येई, त्यामुळे म्हाताऱ्या बायका माळा करून खुंटीला अडकवीत. आणि मिस्त्री लोक त्याचा वायसर करीत. वायसर विकत घेण्यापेक्षा पैसा स्वस्त पडे!

1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली. 64 जुने पैसे एकदम दिले तर बरोबर 100 नवे पैसे मिळत. पण सुटा एक आणा दिला की सव्वासहाऐवजी सहाच. पाव पैशाचे काय एवढे, असे म्हणणाऱ्याने रोज आण्याआण्याने सौदा करणाऱ्या बाईचा महिन्याचा हिशोब मांडून पाहावा. ज्याच्याकडे गाठोडे होते त्याचे काही गेले नाही. ज्याच्याकडे मुठीत एक आणा होता त्याचे गेले.

पुढे धातू महाग होत गेला तशी नाणी वितळवण्याची चटक लागली आणि 1971 मध्ये सुट्या नाण्यांच्या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आज तो 2011 च्या नाणे कायद्यात सामावला आहे. हा आजार आपल्यापुरता नाही. अमेरिकेत 1982 पर्यंतच्या सेंटात 95 टक्के तांबे असे. नंतर आत जस्त आले. लोकांनी जुने सेंट वेचून पिंपे भरली. सरकारने 2006 च्या डिसेंबरात वितळवण्यावर बंदी घातली, तरी लोक वाट पाहत बसले. नोव्हेंबर 2025 मध्ये तिथे व्यवहारातला सेंट पाडणेच थांबले. पिंपे अजून तळघरांत आहेत.

आपल्याकडे 30 जून 2011 पासून चवलीपावलीचा काळ संपला, पंचवीस पैसे व त्याखालची नाणी कायद्याने बाद झाली. त्या जूनमध्ये आमच्या युनियनच्या कचेरीत सभासद डबे घेऊन आले होते. आम्ही मोजत बसलो नाही. स्टीलची पावली 2.83 ग्रॅमची, किलोत सुमारे 353, म्हणजे 88 रुपये. डब्याचे वजन वजा करून आकडा सांगितला आणि 29 तारखेच्या आत बँकेत पाठवले. एका निवृत्त गँगमनच्या डब्यात तळाशी मात्र जुने कासे निघाले. ते चुंबकाला चिकटेना, तेव्हा वेगळे काढले.

घरात असा साठा निघाला तर आधी चुंबक फिरवावा, मग भोकाचे, राजाचे आणि घोड्याचे असे ढीग करावेत. प्रत्येक ढिगातले शंभर पैसे मोजून तोलावेत, कारण झिजलेला पैसा कागदावरच्या वजनाला उतरत नाही. त्यावरून बाकीचा अंदाज येतो. ठेवायचे ते कोरड्या जागी, कागदात किंवा कापडात. मीठ आणि ओल लागली की हिरवा कळंक चढतो आणि तो पोखरत जातो. चिंच लावून लखलखीत करण्याचा मोह फार होतो. भांड्याला चिंच शोभते, पण घासलेले नाणे नाणेसंग्राहक घेत नाही, आणि त्याने घेतले नाही म्हणजे उरतो तो भंगारवाला.

विकताना हे ध्यानात ठेवा की जॉर्ज बादशहाचे साधे पैसे लाखांनी पाडले होते. त्यांचे कुणी लाख रुपये देत नाही. तसे सांगणारे फोन येतात, आधी नोंदणीचे शुल्क मागतात. रिझर्व्ह बँकेने 2021 च्या ऑगस्टमध्ये आपल्या नावाने चालणाऱ्या या फसवणुकीबद्दल इशारा दिला. त्यानंतरही आमच्या एका पेन्शनराने महिन्याची पेन्शन अशा शुल्कात घातली आणि पैशांची पिशवी त्याच्या घरीच राहिली. शिवराया निघाल्या तर गोष्ट वेगळी. शंभर वर्षांवरचे नाणे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू आहे, ते परदेशी पाठवता येत नाही. आणि जमिनीत पुरलेला, दहा रुपयांवर किमतीचा ठेवा सापडला तर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. दहा रुपये ही मर्यादा इंग्रजांच्या वेळची. तेव्हा ती साडेचार शेर पैशांची होती. आज एका चहाची आहे.