पेशींची शिदोरी

कामगाराच्या ताटात काय पडते, त्यावर त्याच्या हातून काय घडते हे ठरते. पेशींचेही तसेच आहे. काचपात्रातील सस्तन पेशींना १३ अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे, ग्लुकोज, क्षार व थोडा रक्तरस लागतो, हे अमेरिकेत हॅरी ईगल यांनी १९५५ साली दाखविले. पुढे चिनी हॅमस्टरच्या पेशींत मानवी जनुक घालून, रक्ताची गुठळी विरघळविणारे प्रथिन कारखान्यात तयार झाले. १९८७ साली तेथे त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. परंतु ग्लुकोज व ग्लुटामीन वारेमाप ओतले, की लॅक्टिक आम्ल आणि अमोनिया साचतो. पेशींची वाढ खुंटते, प्रथिनावरील शर्करेची जडणही बिघडते. म्हणून मोजून, थोडेथोडे भरविण्याची रीत रूढ झाली. माप चुकले, तर मालकाचा माल घटतो आणि रुग्णाचे औषध बिघडते.