पथ-रूपांतर, संगणकीय
पथ-रूपांतर, संगणकीय : संगणकातील फायलीचा पत्ता म्हणजे पथ. असे पथ पुष्कळदा परिसर-चलांत साठविलेले असतात. युनिक्स व विंडोज या प्रणालींत पथांची लेखनपद्धती भिन्न असल्यामुळे शेल आज्ञावलीत ते एका पद्धतीतून दुसरीत आणावे लागतात. या क्रियेस पथ-रूपांतर म्हणतात.

भेदाचे मूळ ऐतिहासिक आहे. १९६९ मध्ये केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा आरंभ केला. तीत निर्देशिकांची नावे तिरक्या रेघेने (/) अलग करीत. १९८१ च्या आयबीएम पीसीवरील डॉसमध्ये निर्देशिकाच नव्हत्या आणि ही रेघ आज्ञेचे पर्याय दर्शविण्याकडे गुंतली होती. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत निर्देशिका आल्या, तेव्हा उलटी रेघ (\) पत्करावी लागली. वस्तुतः मायक्रोसॉफ्ट त्या काळी झीनिक्स ही युनिक्सचीच आवृत्ती विकत होती. तरीही जुन्या आज्ञा मोडू नयेत, हा विचार वरचढ ठरला.

केवळ रेघ उलटवून काम भागत नाही. युनिक्सच्या ‘पाथ’ या चलातील पथ अपूर्णविरामाने (:) विभागतात; विंडोजमध्ये ते चिन्ह तबकडीच्या नावाला जोडलेले असल्याने तेथे अर्धविराम (;) वापरतात. ‘सी:\पनवेल’ हा पथ तसाच युनिक्सच्या यादीत घातल्यास त्याचे दोन तुकडे होतात. शिवाय युनिक्स शेलमध्ये उलटी रेघ पुढील चिन्हाचा विशेष अर्थ काढून टाकते व अवतरणाबाहेर स्वतः गळून पडते. नावात मोकळी जागा असेल, तर अवतरणाविना तेही दुभंगते. आज्ञा फायली पुसण्याची असल्यास भलतीच निर्देशिका नष्ट होऊ शकते.

१९९५ मध्ये सुरू झालेल्या सिगविन प्रकल्पातील ‘सिगपाथ’ हे साधन एकेक पथ किंवा सबंध यादी बदलून देते. त्यात वरील पथ ‘/सिगड्राइव्ह/सी/पनवेल’ असा होतो. सिगविन ‘पाथ’, ‘होम’ यांसारखी मोजकी चले आपोआप बदलते. इतरांची काळजी लिहिणाऱ्याने घ्यावयाची. एमसिस मात्र पथाच्या रूपावरून तर्क करते आणि ‘/सी’ या साध्या पर्यायालाही तबकडी समजते. म्हणून तेथे रेघ दोनदा लिहितात. विंडोजमध्ये २०१६ साली आलेल्या लिनक्स उपप्रणालीत हेच काम ‘डब्ल्यूएसएलपाथ’ करते.

मराठी नावांना आणखी एक अडचण आहे. विंडोजच्या जुन्या संकेतसारण्यांत देवनागरीला स्थानच नव्हते. ती युनिकोडबरोबर आली. ‘पनवेल’ या नावाला विंडोजच्या यूटीएफ-१६ मध्ये १०, तर युनिक्समध्ये रूढ असलेल्या यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट लागतात; हे रूपांतर साधने बिनचूक करतात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने रोमन नावांना भेडसावणारा तो घोळही येथे संभवत नाही. परंतु ‘सातबाऱ्याच्या नकला’ या नावातील ‘ऱ’ एका संकेताने, किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिता येतो. दिसण्यात दोन्ही सारखेच असतात. दोन्ही प्रणाली मात्र त्यांना भिन्न नावे मानतात. अशा वेळी पथ अचूक बदलूनही फाईल सापडत नाही, म्हणून रूपांतरापूर्वी नावे एकाच प्रमाणरूपात आणावी लागतात.