खिळ्यांपासून मोदकापर्यंत

सदलग्यात पाटी वाचताना डोळा दोन लिप्यांतून फिरतो, एक कन्नड आणि एक देवनागरी. भाषेवरून आपल्याकडे पुष्कळ बोलून झाले आहे. अक्षराच्या घडणीकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

1893 साली गणेशोत्सव चव्हाट्यावर आणणाऱ्या लोकमान्यांना 'केसरी' छापताना निराळीच अडचण होती. इंग्रजीचे काम दीडएकशे खिळ्यांत भागे. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, शिवाय जोडाक्षरे. प्रत्येक जोडीचा वेगळा खिळा ठेवायचा तर शेकडो खाने लागत आणि खिळे जुळवणाऱ्याचा हात सगळीकडे पोचत नसे. यावर उपाय लिपीतच दडलेला होता. 'ग'चा काना काढला की अर्धा 'ग्' उरतो, आणि तोच 'ग्य'ला चालतो, 'ग्न'लाही चालतो. टिळकांनी छाटणी करत नेलेला संच 190 खिळ्यांचा झाला. तो टिळक टाइप म्हणून ओळखला जातो.

सावरकर आणखी पुढे गेले. स्वरांचे वेगळे आकार तरी कशाला? 'अ'लाच वेलांट्या आणि उकार द्या: अि, अी, अु, अे. जुन्या अंकांत 'अेक' छापलेले पाहिल्यावर आजही अडखळायला होते. तर्क बिनचूक होता, पण डोळा तर्काने वाचत नाही.

संगणक आला आणि खिळे मोजण्याची गरजच संपली. मग प्रश्न उरला, कोणते अक्षर कुणाच्या शेजारी आले की कसे बदलावे? हे नियम बसवण्यात र. कृ. जोशी (1936–2008) यांनी आयुष्य घातले. आधी उल्का जाहिरातसंस्थेत, मग मुंबईच्या आयआयटीत. सर्व भारतीय भाषांसाठी एकच 'देशनागरी' लिपी घडवण्याचाही प्रयोग त्यांनी केला. विंडोजमधला 'मंगल' त्यांचा, आणि कन्नड 'तुंगा'ही त्यांच्याच देखरेखीखाली झाला. म्हणजे आपल्याकडे मराठी अर्ज आणि कन्नड फॉर्म टाइप करताना कित्येकदा एकाच मराठी माणसाची नजर कामाला येत असते.

मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मोदक' हा तर ऐन गणपतीतला फॉन्ट. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो घडवला. सुरुवात हाताने काढलेल्या रेखाटनांची. अक्षर किती गुबगुबीत केले तरी वाचता येईल, याचे उत्तर करून पाहिल्याशिवाय मिळणारे नव्हते. फुगवता फुगवता पोटातली पांढरी जागा केसाएवढी रेघ झाली. खरी कसोटी लागली ती जोडाक्षरांत, कारण एवढ्या जाड अंगात दोन अक्षरे कोंबून त्यांच्यातली रेघ जिवंत ठेवायची होती.

याच मंडळींनी पुढे 'बालू' नावाचे गोलमटोल अक्षर अनेक भारतीय लिप्यांत केले आणि प्रत्येक लिपीत त्याला वेगळे नाव दिले. कन्नडातला तो 'बालू तम्मा'. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, हे सदलग्यात कुणाला सांगायला नको.