जोधपूरचं फर्निचर परदेशात पाठवणं इतकं अवघड का होत चाललंय?

आंब्याच्या लाकडाचं कॉफी टेबल, शिसमाचा पलंग, जुन्या दरवाजांपासून बनवलेली कपाटं. युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत दिसणाऱ्या अशा बऱ्याच वस्तू राजस्थानातल्या जोधपूरहून जातात. शहरातल्या बोरानाडा आणि बासनी या औद्योगिक वसाहतींमध्ये या निर्यातीवर चालणारे अनेक कारखाने आहेत. कारागीर आहेत, मागणीही आहे. मग अडचण कुठे आहे?

लाकूड येतं कुठून?

जोधपूर वाळवंटाच्या कडेला आहे. फर्निचरचं लाकूड तिथे पुरेसं उगवत नाही. शिसम प्रामुख्याने उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा या पट्ट्यातून येतं. आंब्याचं लाकूड मिळतं ते फळ देणं कमी झालेल्या जुन्या बागांमधून. म्हणजे हा माल बहुतेक जंगलातला नसून शेताच्या बांधावरचा असतो. शेतकऱ्याकडून व्यापारी, तिथून आरा मशीन, मग लाकूड बाजार असे हात बदलत तो कारखान्यात पोहोचतो. या प्रवासात प्रत्येक ओंडक्याची नोंद राहतेच असं नाही. आणि परदेशातला ग्राहक आता नेमकी तीच नोंद मागतो.

शिसमावर निर्बंध कशामुळे आले?

धोक्यात असलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण असतं. २०१६ मध्ये जोहान्सबर्गला झालेल्या साइट्सच्या परिषदेत ‘डालबर्जिया’ ही अख्खी प्रजाती परिशिष्ट २ मध्ये टाकण्यात आली. मादागास्कर आणि आग्नेय आशियात या कुळातल्या मौल्यवान लाकडाची तस्करी वाढली होती. तयार वस्तू पाहून लाकूड नेमकं कोणत्या झाडाचं, हे सीमाशुल्क अधिकाऱ्याला ओळखता येत नाही. त्यामुळे सगळ्यांनाच एक नियम लागला.

आपल्या जुन्या वाड्यांमधलं काळपट शिसवी लाकूड आणि उत्तरेतलं शिसम ही याच कुळातली दोन वेगळी झाडं. शिसम शेतात लावलं जातं, ते दुर्मिळ नाही, असं भारताचं म्हणणं होतं. पण २०१९ च्या जिनिव्हा परिषदेत शिसमाला यादीतून वगळण्याचा प्रस्ताव मान्य झाला नाही.

केंद्र सरकारच्या अंदाजानुसार, या नोंदीआधी शिसमाच्या वस्तूंची निर्यात वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपये होती. नंतर ती ५०० ते ६०० कोटींवर आली आणि सुमारे ५०,००० कारागिरांच्या रोजगारावर परिणाम झाला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा परिषदेत थोडा दिलासा मिळाला. प्रत्येक वस्तूतलं शिसमाचं लाकूड १० किलोपेक्षा कमी असेल, तर अशा कितीही वस्तू परवान्याविना एकत्र पाठवता येतात. आधी ही १० किलोंची मर्यादा संपूर्ण खेपेला होती. त्यामुळे हलकी खुर्ची किंवा छोटं स्टूल सुटतं. पलंग आणि जेवणाच्या टेबलासाठी मात्र कागदपत्रं लागतातच. हस्तकला निर्यात संवर्धन परिषदेचं ‘वृक्ष’ प्रमाणपत्र त्यासाठीच आहे.

युरोपचा नवा कायदा काय म्हणतो?

युरोपीय संघाचा जंगलतोडविरोधी कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचं लाकूड फर्निचरमध्ये वापरलेलं नाही, हे त्यानुसार दाखवावं लागेल. त्यासाठी झाड जिथे वाढलं त्या जागेचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली आहे, पण अट कायम आहे.

मोठ्या कारखान्याला यासाठी वेगळा माणूस नेमता येतो. वीस-पंचवीस कामगारांच्या युनिटला अनेक शेतकऱ्यांच्या बांधांचे अक्षांश-रेखांश कसे जमवायचे, हाच मोठा प्रश्न आहे.

लाकूड तडकतं कशामुळे?

जोधपूरची हवा कोरडी. कंटेनर समुद्रात कित्येक आठवडे दमट हवेत राहतो आणि शेवटी माल हीटर लावलेल्या घरात पोहोचतो. या बदलांत लाकूड फुगतं, आकसतं. ते भट्टीत नीट वाळवलेलं नसेल तर बुरशी येते, सांधे उघडतात, फळी तडकते. मग ग्राहक पैसे कापतो किंवा परतावा मागतो. वाळवणीची भट्टी महाग असते आणि त्यात लाकूड ठेवलं की भांडवलही अडकून पडतं.

वाहतूक एवढी महाग का पडते?

जोधपूरला बंदर नाही. कंटेनर आधी गुजरातमधल्या मुंद्रा किंवा पिपावावला न्यावा लागतो. त्यात फर्निचर जागा खूप खातं. चाळीस फुटी कंटेनर वजनाने भरण्याआधी आकाराने भरतो. त्यामुळे भाडं वाढलं की दागिने किंवा औषधांपेक्षा फर्निचरला त्याचा फटका जास्त बसतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपला जाणारी अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास साधारण दहा ते चौदा दिवसांनी लांबला आणि भाडंही वाढलं.

अमेरिकी जकातीचा फटका कोणाला?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के जादा शुल्क लावलं. शुल्क भरतो तिथला आयातदार. पण तो लगेच इकडे सवलत मागतो किंवा ऑर्डर थांबवतो. ऑर्डर घेतल्यापासून माल पोहोचेपर्यंत काही महिने जातात. तोवर दर बदलला, तर आधी ठरलेल्या किमतीत नफा उरत नाही.

यातून मार्ग काय?

व्हिएतनामची लाकूड आणि लाकडी वस्तूंची निर्यात २०२४ मध्ये १६ अब्ज डॉलरच्या घरात होती. तिथे शेतकऱ्यांनी लावलेली बाभूळवर्गीय झाडं, बंदराजवळचे कारखाने आणि सुटे भाग करून पाठवायचं फर्निचर यांची सांगड बसली आहे. सुट्या भागांत एका कंटेनरमध्ये कितीतरी जास्त माल मावतो. जोधपूरची ओळख मात्र जोडलेल्या, हाताने घडवलेल्या वस्तूंची आहे. ती जपून हा बदल करणं सोपं नाही.

तरी काही गोष्टी हातात आहेत. भट्ट्या आणि तपासणीची सोय सामायिक करता येईल. शेतावरची झाडं तोडण्याच्या परवानगीसाठी केंद्राने जून २०२५ मध्ये राज्यांना नमुना नियम दिले. राज्यांनी ते नीट राबवले, तर तोडीच्या वेळीच झाडाची नोंद होऊ शकते. ती नोंद लाकडासोबत कारखान्यापर्यंत आली, तर छोट्या निर्यातदाराला दरवेळी नव्याने पुरावे शोधत बसावं लागणार नाही.