न विकता येणारं शेत

साल १९०८, मार्च महिना. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर पादांगला तुम्ही आगगाडीत बसता. आनाई नदीच्या घळीत चढ इतका उभा होतो की रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवलेली आहे आणि तिच्यात दात रोवत इंजिन वर सरकतं. डच सरकारने हा लोहमार्ग ओम्बिलिनच्या खाणीतला कोळसा बंदरावर आणायला बांधला; माणसांची ने-आण त्याच्या जोडीला. बुकित्तिंगीला उतरून उत्तरेची वाट धरलीत की आगामचा पठारी मुलूख उलगडतो. पाठीशी मारापी आणि सिंगालांग हे दोन ज्वालामुखी, पुढे चुनखडीचे डोंगर, मध्ये भाताची खाचरं. दिवस कलताना तुम्ही कामांगला पोचता, आणि तिथूनही पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या शेवटच्या वाडीत.

समोर रुमाह गादांग आहे, म्हणजे थोरलं घर. लांबलचक, लाकडी, उंच खांबांवर उभं. छपराची टोकं आभाळात वळलेली, वर ताडाच्या काळ्या काथ्याचं जाड शाकारण. खांब मात्र जमिनीत पुरलेले नाहीत, सपाट दगडांवर नुसते टेकवलेत. या मुलखात धरणी सारखी हलते. तेव्हा घर दगडांवर थोडं सरकतं, डुलतं आणि उभं राहतं. ३० सप्टेंबर २००९ ला पादांगमधल्या सिमेंटच्या इमारती कोसळणार आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. इथे ते कुणाला सांगून उपयोग नाही.

पाय धुऊन तुम्ही जिना चढता. घरातली सर्वांत म्हातारी बाई वर बसली आहे. ती तुमचं नाव विचारत नाही, वडिलांचं तर नाहीच. ती विचारते, तुमच्या आईचं कूळ कोणतं? तुम्ही अडखळता. आपल्याकडे सातबाऱ्यावर आईचं नाव यावं म्हणून बायका अजून तलाठ्याकडे खेटे घालतात, आणि इथे माणसाची ओळखच तिथून सुरू होते. मिनांगकाबाऊ लोकांच्या या घरात कूळ आईकडून येतं. घर, खाचरं आणि ताटल्या-मोहरांपर्यंतचा वडिलोपार्जित ठेवा (पण 'वडिलोपार्जित' हा शब्द इथे चालायचा नाही) आईकडून लेकींकडे जातो. त्याची देखभाल करतो तो मामाक, बाईचा भाऊ. आपल्या मुलांपेक्षा भाच्यांच्या भविष्याची जबाबदारी त्याच्यावर जास्त.

अंगणात भाताची कोठारं आहेत. त्यांना रांकियांग म्हणतात. तीही खांबांवर उभी, आणि दार कुठे तर पार वर, छपराच्या त्रिकोणात. शिडी लावल्याशिवाय मूठभर भातसुद्धा निघत नाही. ऐपतदार घरासमोर तीन कोठारं असतात आणि प्रत्येकाला नाव असतं. सीबायाउ-बायाउमधलं भात रोजच्या जेवणाचं. सीतिंजाउ लाउइकमधलं विकून मीठ, कापड, लोखंड घ्यायचं. तिसरं सीतांग्का लापा, त्यातलं भात दुष्काळासाठी आणि ज्याच्या घरी चूल पेटलेली नाही त्याच्यासाठी. या तिसऱ्या कोठारापाशी थोडं थांबा. उपासमार येणारच हे इथे आधी धरून चाललेलं आहे, आणि तिची तजवीज दयेवर न सोडता घराच्या बांधणीतच केली आहे. सुरक्षितता म्हणजे काय, याचं मला माहीत असलेलं सर्वांत नेमकं उत्तर या लाकडी कोठारात आहे.

रात्र पडते. तुम्ही बाई असाल तर तुम्हाला आत जागा मिळते. मागच्या ओळीत खोल्या आहेत, एकेका लग्न झालेल्या लेकीची एकेक. नवरे रात्री येतात आणि पहाटे आपापल्या आईच्या शेतावर निघून जातात. घरजावई म्हणावं तर तसाही हक्क नाही. जावई म्हणजे झाडाच्या खुंटावरची राख, फुंकर आली की उडाली, असं इथेच म्हणतात. तुम्ही पुरुष असाल तर घरात तुम्हाला पथारी नाही. सात-आठ वर्षांचा झाला की मुलगा रात्री सुराउमध्ये, म्हणजे कुळाच्या प्रार्थनाघरात झोपायला जातो. तिथेच कुराण शिकतो, अंगणात सिलेक या झुंजकलेचे डाव शिकतो. वाडीची रात्रीची राखणही आपोआप सुराउवाल्यांकडे येते, कारण जागी असणारी तरणी पोरं तिथेच असतात. धोका दिसला की ताबुआह हा मोठा नगारा घुमतो आणि खोऱ्यात सगळ्यांना कळतं. वाघाची चाहूल लागली तर त्याचं नाव कुणी घेत नाही, 'इन्यिआक' म्हणतात, आजोबा.

सुराउमध्ये आज वाद चालला आहे. मक्केत या आगामचाच एक माणूस मोठा इमाम आहे, शेख अहमद खातिब. त्याने लिहून पाठवलंय की मुलांना डावलून भाच्यांना वारसा देणं हे पाप आहे. एक तरुण त्याची बाजू घेतो. त्याचा बाप त्याला काहीच देऊ शकत नाही, आणि आईच्या घरातली खोली त्याच्या बहिणीची आहे. म्हणून तो पुढच्या महिन्यात देशोधडीला नाही, पण रांताउला, परमुलखात नशीब काढायला निघणार आहे. त्याचं दुखणं खोटं नाही. जी व्यवस्था बाईला जन्मभराचं छप्पर देते, तिने पुरुषाला पाहुणा करून ठेवलंय, आणि हे इथे बसून ऐकताना जाणवतं. शेवटी १९५२ मध्ये बुकित्तिंगीला सगळे जाणते एकत्र बसतील आणि ठरवतील की पूर्वापार आलेलं कुळाचं, स्वतः कमावलेलं मुलांचं. पण त्याला अजून ४४ वर्षं आहेत.

सकाळी तुम्ही म्हातारीबरोबर बांधावर जाता आणि विचारता, हे खाचर विकायचं झालं तर? ती एकेक बोट मिटत सांगते. घरात प्रेत पडलंय आणि दफनाला पैसा नाही. छप्पर गळतंय. लेक वाढली आणि लग्न अडलंय. कुळाची बुडालेली पदवी पुन्हा उभी करायची आहे. ही चार कारणं सोडून पाचवं नाही. त्यातही विकायचं नसतंच, गहाण टाकायचं, आणि गहाण सोडवायला मुदत नाही. तिच्या आजीने टाकलेलं गहाण तिची नातही सोडवू शकते. गहाण टाकायला मात्र कुळातल्या सगळ्यांची, म्हणजे बायकांचीही, संमती लागते. एकट्या मामाकने सही करून भागत नाही. ज्याला कर्ज झालं, व्यसन लागलं किंवा अक्कल कमी पडली, त्याच्या हातून पुढच्या पिढीचा भात जाऊ नये, एवढी ही तरतूद आहे. या व्यवस्थेत पाय ठेवायला जागा नसलेलेही याच वाडीत राहतात: उशिरा आलेले, पूर्वी गुलाम असलेल्यांचे वंशज. ते कुणाच्या तरी कुळाला चिकटून राबतात. त्यांचं नाव चार कारणांत नाही आणि कोठारावरही नाही. त्यांना विचारलंत तर ते वेगळी गोष्ट सांगतील.

म्हातारीच्या आईने आणखी एक भय पाहिलं होतं, घरातूनच आलेलं. कामांगचाच तुआंकू नान रेन्चेह हा पाद्री नावाच्या इस्लामी सुधारक चळवळीचा कडवा पुढारी. त्याने तंबाखू खाल्ली म्हणून स्वतःच्या मावशीला मारवलं, अशी कथा आहे. झुंजी, कोंबड्यांच्या पैजा, तंबाखू आणि मातृवंशाची रीत हे सगळं मोडायला निघालेली ती माणसं होती. त्यातून यादवी पेटली, मग डच आले आणि १८३७ पर्यंत लढाई चालली. तहात आणि जाहीरनाम्यात गोड शब्द होते. १८३३ च्या प्लाकात पांजांग या जाहीरनाम्यात डचांनी शब्द दिला होता: तुमच्या रीतीत हात घालणार नाही, थेट कर बसवणार नाही. १८४७ पासून मात्र सक्तीने कॉफी लावायला लागली आणि ती सरकारी भावानेच सरकारला द्यावी लागली. आता ती सक्ती उठवून सरकार रोख कर बसवतंय.

कर म्हणजे बेलास्तिंग. वाडीत बोलणं दुसरं नाही. आणि प्रश्न पैशाचा कमी आहे. आमच्याच खाचरासाठी आम्ही कुणाला पैसे द्यायचे? पैसे दिले तर खाचर त्यांचं होतं का? वसुली करायची आहे ती कुळाच्या पुढाऱ्यांनी, पेंगहुलूंनी. ज्याने भाच्यांचं राखायचं, त्यानेच त्यांच्याकडून वसूल करायचं. काहींनी होकार दिलाय, काहींनी नाही. पहिल्यांदाच वाडीतल्या दोन घरांमध्ये बोलणं बंद झालंय. हा तडा मला बंदुकीइतकाच भयंकर वाटतो.

आता तुम्ही तीन महिने पुढे सरका. १५ जूनची रात्र. कराला झालेला विरोध मोडायला डच अधिकारी, कंट्रोलर वेस्टेनेंक, बुकित्तिंगीहून फौजेच्या तुकड्या घेऊन कामांगला आलाय. ताबुआह वाजतोय. समोर बंदुका, इकडे कोयते आणि भाले. कलमा म्हणत लोक गोळ्यांवर चालून जातात. बंडाचे पुढारी हाजी अब्दुल मनान पडतात, दातुक राजो पांगहुलू पडतात, त्यांची बायको सिती आसिआह त्यांच्याबरोबर पडते. त्याच दिवसांत पश्चिमेला मांगोपोहमध्ये सिती नावाच्या दुसऱ्या एका बाईने डच ठाण्यावर हल्ल्यात पुढाकार घेतलाय. मेलेल्यांत बायका आहेत याचं डचांना नवल वाटतं. तुम्हाला वाटायला नको; जमीन कोणाची हे तुम्ही बांधावर ऐकलं आहे.

सकाळी वाडीत परत या. कर थांबला नाही, पुढे वसूल होत राहिला. पण विधवा झालेल्या बायकांना कुणी घराबाहेर काढायला येत नाही. दीर नाहीत, सासर नाही, वाटणी नाही. त्या मुळात आपल्याच आईच्या घरात होत्या आणि तिथेच आहेत. ज्या पोरांची आई पडली, त्यांच्या मावश्या त्याच छपराखाली पलीकडच्या खोलीत आहेत. मामाक आणि बहिणी बसून ठरवताहेत: आवणाला हात कमी आहेत, तर कोणतं खाचर कोणी आधी लावायचं, आणि तिसऱ्या कोठारातलं किती भात कोणत्या घरी पाठवायचं.