स्मृतिभ्रंशातील जीवितकाल

स्मृतिभ्रंश जडल्यानंतर रुग्ण जितका काळ जगतो तो काळ. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत उतारवयातील बुद्धीचा ऱ्हास हा वार्धक्याचाच भाग समजला जाई. त्यामुळे ह्या काळाचा पद्धतशीर अभ्यास उशिरा सुरू झाला.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ आलोइस अल्झायमर (१८६४–१९१५) यांनी १९०१ मध्ये फ्रँकफुर्ट येथे तपासलेली ५१ वर्षांची स्त्री १९०६ मध्ये मरण पावली. मेंदूतील विकृतीचे त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. मात्र तिच्या मृत्यूचे निकटचे कारण शय्याव्रणांतून झालेला जंतुसंसर्ग हे होते. एमील क्रेपेलीन यांनी १९१० मध्ये ह्या रोगास अल्झायमर यांचे नाव दिले. परंतु ते दीर्घकाळ अकाली उद्‌भवणाऱ्या विकारापुरतेच वापरले गेले. इंग्लंडमध्ये मार्टिन रॉथ यांनी १९५५ मध्ये वृद्ध मनोरुग्णांची गटवारी केली. जराजन्य बुद्धिऱ्हासाचे बहुसंख्य रुग्ण दोन वर्षांच्या आत दगावतात, विषण्णतेचे बहुतेक रुग्ण मात्र जगतात, असे तीवरून दिसून आले. अमेरिकेत रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९७६ मध्ये हा रोग मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक असल्याचे प्रतिपादन केले.

जीवितकाल मोजण्याच्या पद्धतीतही दोष होता. लवकर दगावणारे रुग्ण पाहणीत येण्यापूर्वीच मरण पावत असल्याने सरासरी फुगत असे. कॅनडातील पाहणीत (२००१) हा दोष दूर करताच रोगारंभापासूनचा मध्यक जीवितकाल ६·६ वर्षांवरून ३·३ वर्षांवर आला. इंग्लंड व वेल्समधील पाहणीत (२००८) तो ४·५ वर्षे आढळला: स्त्रियांत ४·६, पुरुषांत ४·१. वयाचा प्रभाव सर्वांत मोठा होता. ६५ ते ६९ ह्या वयात रोग जडलेल्यांत तो १०·७, तर नव्वदीनंतर ३·८ वर्षे होता. दैनंदिन व्यवहारांतील परावलंबित्वानेही तो घटतो.

अखेरच्या अवस्थेत गिळण्यातील अडचण व संसर्ग निर्णायक ठरतात. अमेरिकेतील २२ शुश्रूषागृहांतील ३२३ रुग्णांच्या पाहणीत (२००९) १८ महिन्यांत ५४·८ टक्के मरण पावले. ८५·८ टक्क्यांना खाण्याची अडचण व ४१·१ टक्क्यांना न्यूमोनिया झाला होता. नळीने अन्न दिल्याने आयुष्य वाढते असा पुरावा आढळलेला नाही. म्हणून ह्या अवस्थेत हाताने सावकाश भरविणे व वेदनाशमन ह्यांवर भर दिला जातो.