डोंगरीचें कापड

भाद्रपद लागला कीं खेडच्या स्टेशनावर मुंबईची गाडी बरीच हलकी होते. १९९८ च्या जानेवारींत कोंकण रेल्वे पुरी सुरू झाली, तेव्हांपासून गणपतीला गांवीं येणाऱ्या चाकरमान्यांचा लोंढा एस्. टी. च्या जोडीनें रुळांवरूनहि येऊं लागला. फलाटावर उतरणाऱ्या एकाच कुटुंबांत पोशाखाच्या तीन पिढ्या पाहावयास सांपडतात : आजोबांचा लेंगा, बापाची टेरिकॉटची विजार आणि नातवाची, पुष्कळदां नातीचीहि, निळी जीन. ही जीन गुडघ्यावर फाटलेली असते. घरीं पोंचल्यावर ओसरीवरची आजी सुईदोरा शोधूं लागते, तेव्हां नातू सांगतो, "आजी, ती तशीच मिळते. फाटक्या विजारीला पैसे जास्त पडतात." आजी त्यावर कांहीं बोलत नाहीं. परंतु तिच्या मौनांत जें असतें तें शेजारचे आजोबा उघड बोलून दाखवितात : हें साहेबाचें सोंग, आपल्या मुलखाचें नव्हे.

आजोबांच्या या बोलण्यांत अर्धें खरें आहे व अर्धें खोटें. त्यांतलें जें खोटें, त्याची हकीकत फार मनोरंजक असल्यामुळें तीच आधीं सांगणें बरें.

मोल्सवर्थ साहेबानें आपल्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं मुंबईस काढली. तींत 'डोंगरी कापड' अशी एक नोंद आहे. मुंबईच्या डोंगरी किल्ल्यालगतच्या वस्तींत विकलें जाणारें साधें देशी कापड हा मूळ अर्थ देऊन, पुढें हेंच नांव कोणत्याहि हलक्या व स्वस्त सुती कापडास लागूं लागलें, असें कोशकार सांगतो. आणि इंग्रजांचा 'डंगरी' हा शब्द याचाच अपभ्रंश होय, असेंहि नोंदवितो. गंमत अशी कीं, १८८६ सालीं जेव्हां 'हॉब्सन-जॉब्सन' हा हिंदी-इंग्रजी बोलीचा प्रसिद्ध कोश विलायतेंत निघाला, तेव्हां त्याच्या विद्वान् कर्त्यांनीं हा शब्द आपल्या माहितींतील कोणत्याहि कोशांत नाहीं असें लिहून टाकलें. मराठी कोश उघडण्याची त्यांस आठवण झाली नाहीं! ती चूक १९०३ च्या सुधारलेल्या आवृत्तींत मोल्सवर्थचा आधार देऊन भरून काढण्यांत आली.

सुशिक्षित मराठी माणसास डोंगरी ठाऊक आहे ती निराळ्या कारणानें. १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांत टिळक आणि आगरकर यांनीं तेथील तुरुंगांत १०१ दिवस काढले, व आगरकरांनीं त्यावर पुस्तक लिहिलें. याच आगरकरांनीं पुढें स्त्रियांनीं जाकिटें घातलीं पाहिजेत असा निबंध लिहून केवढें वादळ उठविलें तें प्रसिद्ध आहे. कपड्यावरून भांडण्याची महाराष्ट्राची हौस कांहीं आजची नव्हे.

असो. इंग्रज व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांत हें डंगरी कापड सतराव्या शतकाच्या आरंभापासून आढळतें. तें जाडेंभरडें होतें, स्वस्त होतें, आणि तें श्रीमंताच्या अंगावर कधींच गेलें नाहीं. गलबताचें शीड, तंबू, आणि ज्याला रोज दोरखंडाशीं झटावयाचें आहे अशा खलाशाची विजार, हीच त्याची योग्यता. ढाक्याच्या मलमलीचे पोवाडे सर्वांनीं गाइले. डोंगरीच्या कापडाचें कोणी नांवहि घेतलें नाहीं. मात्र मलमल पेटींत राहिली, आणि हें कापड, निदान त्याचें नांव तरी, जगभर गेलें. इंग्रजी बोलणारा कारागीर आपल्या निळ्या कामकरी विजारीस डंगरी म्हणूं लागला. आज मुंबईच्या दुकानांत लहान मुलींच्या खांद्यावर पट्टे असलेल्या पोशाखास 'डांगरी' म्हणतात, तोच हा शब्द. मसजिद बंदराशेजारच्या वस्तींतून निघून, सातासमुद्रांचें पाणी पिऊन तो परत आला, आणि घरच्यांनीं त्याला ओळखलें नाहीं.

यूरोपांत याच जातीचीं दुसरीं दोन कापडें होतीं. इटलींतील जिनोआ शहरावरून 'जीन' हें नांव पडलें आणि फ्रान्समधील नीम शहराच्या 'सर्ज द नीम' या कापडावरून 'डेनिम'. पहिलें नांव मराठींत जुनें आहे. जिनाचा कोट आणि जिनाची विजार आपल्या आजोबांच्या आजोबांसहि माहीत होती. डेनिमचा विणकरी गुण असा कीं, त्यांत ताण्याचें सूत निळीनें रंगविलेलें व बाण्याचें पांढरें असतें, आणि वीण तिरकी असते. म्हणून कापड वरून निळें व आंतून पांढुरकें दिसतें. नीळ पाण्यांत विरघळत नाहीं. तिला प्रथम आंबवून किंवा रसायनानें विरघळवावी लागते. त्या पिंपांतून सूत बाहेर काढलें कीं तें हिरवट-पिवळें असतें आणि वारा लागतांच डोळ्यांदेखत निळें होतें. हा रंग सुताच्या गाभ्यापर्यंत शिरत नाहीं, वरवर बसतो. त्यामुळें जेथें अंगाची घासाघीस होते तेथें तो उडतो. सुताराची विजार गुडघ्यावर पांढरी पडते, गाडीवानाची बैठकीवर. जुनी जीन पाहून तिचा मालक कोणतें काम करीत होता तें सांगतां यावें, असें हें प्रामाणिक कापड आहे.

आजची जी जीन, तिचा जन्म अमेरिकेंतला. नेव्हाडा प्रांतांत रीनो गांवीं जेकब डेव्हिस नांवाचा एक शिंपी होता. एका लांकूडतोड्याची बायको त्याच्याकडे नवऱ्यासाठीं न फाटणारी विजार शिवावयास आली. घोड्यांच्या झुलींसाठीं आणलेले तांब्याचे रिबिट शिंप्याजवळ पडलेले होते. ते त्यानें खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकून दिले. विजार टिकली. एकस्वाची फी भरण्याइतका पैसा गांठीं नसल्यानें त्यानें सॅन फ्रान्सिस्कोच्या लेव्ही स्ट्रॉस या कापडवाल्यास भागीदारींत घेतलें, आणि २० मे १८७३ रोजीं दोघांच्या नांवें तें एकस्व मिळालें. म्हणजे या पोशाखाच्या मुळाशीं कोणी राजपुत्र नाहीं; एक गरीब शिंपी, एक मजूर आणि त्याची काटकसरी बायको आहे. गेल्या शतकाच्या सहाव्या दशकांत तेथील तरुणांनीं जीन हौसेनें घालावयास घेतली, तेव्हां अमेरिकेंतल्या कित्येक शाळांनींहि तिला बंदी केली होती. आपल्या ओसरीवरच्या आजोबांस यांत थोडें समाधान वाटावयास हरकत नाहीं.

आतां खेडकडे वळूं. या तालुक्याचा आणि कापडाचा संबंध दुकानापुरता कधींच नव्हता. रस्ते नव्हते त्या काळीं येथील माणूस जगबुडीच्या खाडींतून होडीनें दाभोळ गांठी आणि पुढें आगबोटीनें मुंबईस जाई. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंतील पहिल्या सूतगिरणीचा पाया घातला, आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत कोंकणची माणसें गिरणगांवांत इतकीं गेलीं कीं, १९११ च्या शिरगणतींत मुंबईच्या गिरणीकामगारांपैकीं जवळजवळ निम्मे त्या वेळच्या, म्हणजे सिंधुदुर्गासह असलेल्या, रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले निघाले. लालबाग-परळच्या चाळींत गांवाच्या नांवाची एक खोली असे. एक पाळी कामावर गेली कीं दुसरी त्याच जागेवर पाठ टेकी. साचेखात्यांत दिवसभर हजारों वार कापड विणणारा हा मनुष्य शिमग्याला गांवीं येतांना अंगावर एक धुवट सदरा आणि घरच्यांसाठीं एखादें लुगडें घेऊन येई, एवढीच त्याची चैन. त्याच्या सदऱ्याचें कोपर फाटलें तर तें कामानें फाटलेलें असे, आणि पंगतींत बसतांना तो तें झांकून बसे.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष माणसें बाहेर पडलीं. त्यांतल्या पुष्कळांना पुढें पुन्हां साचा दिसला नाहीं. कोणी गांवीं परतून चार गुंठ्यांची भातशेती धरली, कोणी लोट्याच्या रासायनिक कारखान्यांत रोजावर लागला. गिरण्यांच्या जागीं उंच इमारती व दुकानांच्या पेठा झाल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारांत आज जी झगझगीत पेठ आहे, तेथें कांचेआड गुडघ्यावर फाडलेल्या विजारी टांगलेल्या असतात. आजी सुईदोरा शोधते ती या विजारीसाठीं. तिचा नवरा कदाचित् अशाच आवारांत तीस वर्षें फाटलेला धागा जोडीत उभा होता.

मुंबईच्या गिरण्या विझत असतांना अहमदाबादेस मात्र हें कापड वाढलें. १९३१ सालीं स्थापन झालेल्या अरविंद मिलनें संपानंतरच्या पांचसहा वर्षांत डेनिम विणावयास घेतलें. अहमदाबादेजवळच्या सरखेजची नीळ मोंगलाईंत परदेशीं जात असे, तेव्हां ही परंपरा तेथें उपरी नव्हे. या गिरणीनें १९९५ मध्यें केलेली एक युक्ति खरोखर वाखाणण्यासारखी होती. विजारीचें कापड, चेन, रिबिट आणि नांवाची पट्टी एका पुडक्यांत घालून तें १९५ रुपयांस विकावयाचें, आणि विजार मात्र गांवच्या शिंप्यानेंच शिवावयाची. तयार कपड्यानें ज्या शिंप्याचें पोट मारलें, त्याच्याच यंत्रावर जीन जन्मास आली. जेकब डेव्हिसचा आत्मा संतुष्ट झाला असेल.

त्यानंतर जें झालें तें इतकें कौतुकाचें नाहीं. मागच्या दशकांत विजार पायाला सालीसारखी चिकटली होती. आतां ती पुन्हां ढगळ झाली असून पेशवाईंतल्या चोळण्याची आठवण करून देते. यांत वाईट कांहीं नाहीं. फेटा आणि पागोटें यांचेहि असेच फेरे झाले. वाईट आहे तें निराळेंच. कापडास जुनेपणा आणण्यासाठीं त्यावर वाळूचा जोराचा फवारा मारण्याची एक पद्धत निघाली. तुर्कस्तानांत ती धूळ छातींत जाऊन कोंवळ्या वयाचे कामगार फुप्फुसाच्या असाध्य रोगानें दगावले, तेव्हां २००९ सालीं त्या सरकारनें ती बंद केली. कष्टाच्या खुणा कष्ट न करणाराच्या गुडघ्यावर उमटाव्यात म्हणून दुसऱ्यानें प्राण द्यावे, हा व्यवहार आजीच्या सुईदोऱ्यापुढें फार हीन दिसतो.

दुसरी एक गंमत सरकारी आहे. १९२० नंतर खादीला जो मान आला तो पुढें सरकारी कागदांतहि उतरला, आणि डिसेंबर २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारनें परिपत्रक काढून आपल्या कर्मचाऱ्यांस कचेरींत जीन घालण्याची मनाई केली व शुक्रवारीं खादी वापरावी असें सुचविलें. मोल्सवर्थचा कोश चाळणारा मनुष्य येथें हंसल्यावांचून राहणार नाहीं. गिरणीपूर्वींचें डोंगरीचें तें मूळ कापड हातानें कांतलेलें व हातमागावर विणलेलें होतें. आजच्या व्याख्येनें ती खादीच. म्हणजे शुक्रवारीं आजीला मान आणि तिच्या परदेशीं वाढलेल्या नातवाला दारबंदी!

आतां आजोबांच्या बोलण्यांतला खरा भाग. हा पोशाख या मुलखाच्या पावसाचा नव्हे. आषाढांत जगबुडी बाजारपेठेच्या उंबऱ्याशीं येऊन उभी राहते, २००५ आणि २०२१ च्या जुलैंत तर घरांत शिरली. अशा ठिकाणीं पाऊस जाणणाऱ्या माणसांनीं पायाला शक्य तितकें कमी कापड ठेविलें. पुरुषाची लंगोटी आणि डोक्यावर घोंगडीची खोळ, बाईचा गुडघ्यावर खोंचलेला काष्टा आणि पाठीवर पानांचें इरलें. या वेषांत लावणी करणारा मनुष्य भिजे, पण ओला राहत नसे. जीन एकदां भिजली कीं पाण्यानें जड होते, मांडीला काचते, आणि चुलीवरच्या वलणीवर टाकली तरी तीनतीन दिवस वाळत नाहीं. गणपतीला आलेला नातू विसर्जनांत भिजतो आणि मग परतीच्या गाडीपर्यंत आजोबांचा पंचा नेसून हिंडतो. आजोबा त्या वेळीं मुद्दाम कांहीं बोलत नाहींत.

वापरून टाकलेली जीन मात्र घरांतून बाहेर जात नाहीं. गोधडी शिवणाऱ्या बायकांना ती आरंभीं नकोशी वाटते, कारण तिच्या जाड शिवणीवर हाताची सुई मोडते. म्हणून त्या आधीं शिवणी उसवितात, रिबिट कापून काढतात, आणि दोन पायांचे उभे तुकडे मऊ लुगड्यांच्या घड्यांखालीं, जमिनीकडच्या बाजूला घालतात. ओल वर येत नाहीं. गुडघ्यावरचें भोंक तेवढें आजी ठिगळ लावून आधीं बुजविते.